मेटॅलिकाचा ‘७२ सीझन्स’ : ७७ मिनिटं जरा जास्तच होतात का?

रिफराज | २१ एप्रिल २०२३

मंडळी, गेल्या शुक्रवारी, १४ एप्रिलला, मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा नवा अल्बम आला. आधीचा ‘हार्डवायर्ड’ २०१६ च्या नोव्हेंबरातला, म्हणजे सहा वर्षांहून जास्त वाट पाहिली. या आठवड्यात सहा वेळा सलग ऐकला, एकही गाणं पुढे ढकललं नाही. घाईघाईत मत द्यायचं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी जे आवडलं ते. गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डचा आवाज. हा माणूस ऑगस्टमध्ये साठीचा होईल आणि गळा असा मोकळा लागलाय की दोन अल्बम मागे तो काय गात होता ते आठवून आश्चर्य वाटतं. गिटार वाजवणारा उजवा हात तर आहेच. शीर्षकगीत सुरू होतं, बेस आणि हाय-हॅट ठेका धरतात, मग गिटार येऊन आदळते आणि पुढची साडेसात मिनिटं माझी मान थांबत नाही. ‘लक्स इटर्ना’ नोव्हेंबरातच आलं होतं, तरी अल्बममध्ये सहाव्या नंबरावर ते आलं की आजही अंगात वारं भरतं.

आता खटकलेलं. १२ गाणी, ७७ मिनिटं, आणि त्यात शेवटचं सोडलं तर श्वास घ्यायला जागा नाही. एकही बॅलड, म्हणजे संथ, हळवं गाणं नाही. दर वेळी सातव्या-आठव्या गाण्यापाशी माझं लक्ष सुटतं. ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ संपून ‘चेझिंग लाइट’ कधी सुरू झालं ते सहापैकी चार वेळा मला कळलेलं नाही. गाणी वाईट आहेत असं नाही, पण एकाच वेगाची, एकाच रंगाची गाणी ओळीने आली की चांगलं गाणंही मार खातं. ‘राइड द लाइटनिंग’मध्ये आठ गाणी, ४७ मिनिटं. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्येही आठच, जेमतेम ५५ मिनिटं. तेव्हा कात्री चालवणारं कुणीतरी होतं. आता नाही, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या हातात असतं तर ‘क्राउन’, ‘चेझिंग लाइट’ आणि ‘यू मस्ट बर्न!’ काढली असती. तुम्ही कुठली काढाल? की आहे तसाच बरा?

सुतारपक्षी

पहिला!
आत्ता फक्त हजेरी लावतोय. तोवर एवढंच: ‘लक्स इटर्ना’, ३ मिनिटं २२ सेकंद. बास. रात्री सविस्तर लिहितो.

खर्ज

‘यू मस्ट बर्न!’ काढायचं? राजे, शब्द मागे घ्या.

मी बेस वाजवतो, त्यामुळे माझं पारडं एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो. पण १९८८ च्या ‘जस्टिस’वर बेस शोधत ज्यांनी तारुण्य घालवलं त्यांना विचारा. तिथे न्यूस्टेडने वाजवलेला बेस मिक्समध्ये जवळजवळ गायब केलाय. अख्खा अल्बम कान देऊन ऐकलात तरी हाती काही लागत नाही. आणि इथे? शीर्षकगीताची सुरुवात बेसने. ‘स्लीपवॉक’ची सुरुवात बेस आणि ड्रम्सने. ‘इनामोराटा’च्या मधोमध सगळे बाजूला होतात आणि आताचा बेसवादक त्रुहीयो एकटा पुढे येतो. ‘यू मस्ट बर्न!’मध्ये तर मागून गायलाय सुद्धा. २००३ पासून बँडमध्ये आहे, आता कुठे त्याला घरचं माणूस झाल्यासारखं ऐकू येतंय.

काढायचंच असेल तर ‘शॅडोज फॉलो’ काढा. चांगलं आहे, पण ते नसतं तर कुणी चौकशी केली नसती.

चिकित्सक

लांबीबद्दल एक दुरुस्ती, म्हणजे ‘पूर्वी कात्री होती, आता नाही’ या वाक्याला. लांब अल्बमची सवय आजची नाही. १९९६ चा ‘लोड’ ७९ मिनिटांना एक सेकंद कमी आहे. सीडीवर तेवढंच मावत होतं, म्हणून शेवटचं ‘द आउटलॉ टॉर्न’ कापावं लागलं. पूर्ण लांबीचं नंतर ‘द मेमरी रिमेन्स’च्या सिंगलवर वेगळं दिलं. ‘हार्डवायर्ड’सुद्धा १२ गाणी आणि ७७ मिनिटंच, फक्त तो दोन सीडींवर होता. म्हणजे २०१६ ला आणि २०२३ ला गाणी तेवढीच, वेळही जवळपास तेवढाच. मग यावेळीच लांब का वाटतो, हा खरा प्रश्न.

माझं उत्तर: दोन सीडींमुळे तेव्हा मध्ये आपोआप विसावा मिळत होता.

कॅसेटकाका

चिकित्सक, अगदी बरोबर बोललात. आमच्या वेळी अल्बम म्हणजे दोन बाजू. पहिली बाजू संपली की खटका पडायचा. उठायचं, कॅसेट उलटी करायची, पाणी प्यायचं, मग दुसरी. तेवढ्या अर्ध्या मिनिटात कान ताजे व्हायचे. आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं हे पुन्हा एक ‘पहिलं गाणं’ असायचं, बँड ते विचार करून निवडायचे. आता ७७ मिनिटांचा एकच सपाट रस्ता. त्याला बँड काय करणार?

मी काहीच काढणार नाही. साठीच्या आसपासची चार माणसं इतक्या ताकदीने वाजवतायत आणि आपण मोजपट्टी घेऊन बसलोय, हे काही मला पटत नाही.

वाहवापेडल

काकांशी आदरपूर्वक असहमत. ताकद आहे, कबूल. पण गिटारवादक कर्क हॅमेटच्या सोलोंचं काय?

मी वीस वर्षं गिटार वाजवतोय आणि माझं हे नाव त्याच्याच वाह-वाह पेडलवरून (गिटारचा सूर ‘वाव’ असा वळवणारं पायाने दाबायचं यंत्र) घेतलंय, त्यामुळे हे लिहिताना आनंद होत नाहीये. ‘मास्टर’मधला सोलो तुम्ही तोंडाने गुणगुणू शकता. ‘फेड टू ब्लॅक’चा शेवट मी झोपेत गाऊन दाखवतो. नव्या अल्बममधला एक तरी सोलो गुणगुणून दाखवा. पेडल दाबायचं, मधल्या पट्टीत चार सूर गरगर फिरवायचे आणि बाहेर पडायचं, असं निदान सहा-सात गाण्यांत आहे. त्याने स्वतः सांगितलंय की यावेळी सोलो बसवले नाहीत, सुचतील तसे वाजवले. ते ऐकू येतं.

‘स्लीपवॉक’ काढा. त्याची सुरुवात १९९१ च्या ‘सँडमन’ची इतकी आठवण करून देते की मी ‘सँडमन’च लावतो.

तारसप्तक

@वाहवापेडल,
‘लक्स इटर्ना’चा सोलो पुन्हा ऐका, यावेळी गिटारवादक म्हणून नको. तो ओळी म्हणत नाही, किंचाळतो. त्या गाण्याला तेच हवं होतं. ते सगळं गाणं म्हणजे डायमंड हेडसारख्या जुन्या ब्रिटिश बँडांना केलेला नमस्कार आहे, त्यात घोटून बसवलेला सोलो शोभला नसता. आणि सोलो म्हणजे फक्त बोटांची कसरत नाही. ‘रूम ऑफ मिरर्स’च्या शेवटी दोन गिटार जोडीने वर चढतात, थिन लिझी या बँडची आठवण येते. तो भाग मी रोज सकाळी गुणगुणते.

आणखी एक. हॅमेटने रिफांनी, म्हणजे ज्यावर गाणं उभं राहतं त्या गिटारच्या छोट्या, फिरून येणाऱ्या तुकड्यांनी भरलेला फोन हरवला होता, आठवतंय? ‘हार्डवायर्ड’च्या आधी. त्यामुळे त्या अल्बमच्या लेखनात त्याचं नावच नव्हतं. यावेळी शीर्षकगीतात आहे, ‘इनामोराटा’त आहे. त्याचा हात कुठे दिसतो हे फक्त सोलोमध्ये शोधू नका.

राहता राहिलं ‘चेझिंग लाइट’. ते माझं सगळ्यात आवडतं गाणं आहे, आणि धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये त्याला बाहेर काढलेलं बघून फार वाईट वाटलं.

निवांत

माझा एक वेगळाच अनुभव. मी ज्या अ‍ॅपवर ऐकतो त्याने अल्बम आपणहून शफल करून टाकला होता आणि मला पत्ताच नव्हता. त्यामुळे मी ‘इनामोराटा’ दुसऱ्याच नंबरावर ऐकलं! सव्वाअकरा मिनिटं, संथ, जड, आणि अजून कान थकलेले नव्हते. जागचा हललो नाही. दोन दिवसांनी बरोबर क्रमाने ऐकलं तेव्हा ते शेवटी आलं आणि तोवर मी खरंच दमलो होतो. म्हणजे रिफराज म्हणतात ते खरं आहे. पण दोष गाण्यांचा नाही, क्रमाचा आहे.

बाकी नावाबद्दल: आयुष्यातली पहिली १८ वर्षं म्हणजे ७२ ऋतू, असा हेटफील्डचा हिशोब. त्या १८ वर्षांत आपण जे घडतो तेच पुढे जन्मभर निस्तरत बसतो, किंवा त्यातून बाहेर पडायला धडपडतो. कल्पना मला फार भिडली.

चिकित्सक

निवांत, तो हिशोब चार ऋतूंचा. आपल्याकडे ऋतू सहा. ७२ भागिले ६ म्हणजे १२ वर्षं. अल्बमचं मराठी नाव ‘एक तप’.

सुतारपक्षी

‘एक तप’!!! मोबाइलवर नाव बदलून टाकलं.

कॅसेटकाका

आणि १८ वर्षंच धरायची म्हटली तर १८ गुणिले ६, बरोबर १०८. जपाची माळ पूर्ण.

तारसप्तक

काका, हे बँडला कळवायला हवं. :)

अमावास्या

मला शब्दांबद्दल लिहायचं होतं, निवांत यांनी वाट करून दिली.

हेटफील्डचं लहानपण ज्यांना माहीत आहे त्यांना हा अल्बम वेगळा ऐकू येतो. आईवडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे, आजारात औषध न घेणारे. तो १३ वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. १६ वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. हे त्याने पूर्वीही लिहिलंय, ‘द गॉड दॅट फेल्ड’मध्ये ते रागातून आलं होतं. २०१९ मध्ये तो पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात गेला, दौरा थांबवावा लागला. त्यानंतरचं हे लेखन आहे, आणि आता त्यात राग कमी आणि प्रश्न जास्त आहेत. ‘स्क्रीमिंग सुसाइड’ हे नाव बघून मी बिचकले होते. पण ते गाणं म्हणजे जो शब्द घरात कुणी उच्चारत नाही तो उच्चारायचा प्रयत्न आहे, म्हणजे आत काय चाललंय ते बोलता यावं. त्यासाठी मी त्याची ऋणी आहे.

माझ्या लेकीला गेल्या महिन्यात सतरा पूर्ण झाली. गेल्या वर्षी एका गाजलेल्या वेबसिरीजमध्ये ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं, तेव्हापासून ती या बँडची. परवा संध्याकाळी तिने अल्बमचं पिवळं मुखपृष्ठ मोठं करून बघितलं. मधोमध तो लहान बाळाचा कठड्याचा पलंग आहे ना, मोडका, जळून काळा झालेला, आणि आजूबाजूला तशाच काळ्या पडलेल्या वस्तू. एकेक वस्तू बोटाने मोठी करून बघत होती. मग म्हणाली, “आई, हे सगळं त्याचं लहानपणचं सामान आहे का?” मी म्हटलं, बहुतेक. ती म्हणाली, “मग त्याने ते टाकून का नाही दिलं?”

मला उत्तर आलं नाही. पण त्यानंतर शीर्षकगीत ऐकताना सारखं डोक्यात येतं, तिचे ६८ झालेत. चार उरलेत. त्या ६८ मध्ये माझ्या हातून काय काय घडलं असेल!

अल्बम लांब आहे की नाही, मला खरंच ठरवता येत नाही.

खर्ज

अमावास्याताई, या प्रतिसादाबद्दल धन्यवाद. तुमच्या लेकीचा प्रश्न मी रात्रभर डोक्यात घेऊन फिरतोय.

निवांत

+१. मुखपृष्ठ मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं.

ध्वनिपेटी

उशिरा आलो. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे आवाजाबद्दल थोडं लांबलचक. कंटाळा आला तर पुढे जा.

‘लक्ष सुटतं’ याचं एक कारण गाण्यांच्या बाहेरही आहे. आवाज मोठा भासावा म्हणून मास्टरिंगमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या टप्प्यात, हळू आणि जोरदार भागांतलं अंतर दाबून कमी करतात. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये हे इतकं केलं होतं की आवाज फाटत होता. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची न दाबलेली रूपं आली, ती जास्त स्वच्छ निघाली, आणि चाहत्यांनी पुन्हा मास्टरिंग करा म्हणून मोहीम काढली. ‘७२ सीझन्स’ त्या टोकाला गेलेला नाही. ग्रेग फिडेलमन, हेटफील्ड आणि उलरिख यांनी निर्मिती केलीय आणि एकेक वाद्य वेगळं ऐकू येतं. ड्रम्स कोरडे ठेवलेत, घुमारा फारसा नाही, म्हणून सगळं अगदी कानाशी वाजल्यासारखं वाटतं. पण अल्बम तरीही मोठ्या आवाजाचाच आहे. कानाला सत्तर मिनिटं एकाच उंचीवर धरून ठेवलं की तो थकतो. शरीर आहे ते.

करून बघा: नेहमीपेक्षा आवाज थोडा कमी करा आणि हेडफोनऐवजी खोलीत स्पीकरवर ऐका. माझ्याकडे ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ पहिल्यांदा असंच उलगडलं. त्यातल्या रिफमध्ये जी जागा सोडलीय, ती हेडफोनवर भरून गेल्यासारखी वाटत होती.

सुतारपक्षी

आलो. ध्वनिपेटी, ड्रम्सबद्दल लिहिलंत म्हणून आभार, आता माझी पाळी.

ड्रमर लार्स उलरिखला नावं ठेवायची पद्धतच पडलीय. २००३ च्या ‘सेंट अँगर’मधला तो डबा वाजवल्यासारखा स्नेअर ड्रम कुणी विसरत नाही. आणि सोलोवाल्यांनो, त्या अल्बममध्ये सोलोच नव्हते हेही लक्षात असू द्या. पण लार्सचं खरं काम ठेक्याची कसरत करणं हे नाहीच. तो रिफच्या मागे मागे चालतो, हेटफील्डने जिथे जोर दिला तिथे नेमकी थाप. ‘लक्स इटर्ना’मध्ये दोन्ही पायांनी डबल बेस ड्रम चालवलाय आणि ते पन्नाशीच्या शेवटाला आलेल्या माणसाने. मी तिशीतला, काल ते लावून सराव केला. दुसऱ्या कडव्यापाशी पोटऱ्या धरल्या आणि उजवा पाय पेडलवरून निसटायला लागला. मग बसून नुसतं ऐकलं आणि तेव्हा कळलं की त्या वेगातही त्याने झांजेला श्वास दिलाय.

काढायची तर ‘इफ डार्कनेस हॅड अ सन’ काढा. सुरुवातीची लष्करी थाटाची स्नेअर झकास आहे, पण नंतर एकच शब्द किती वेळा! आणि ‘टू फार गॉन?’ पण. छोटं आहे, तरी.

वाहवापेडल

सुतारपक्षी, पोटऱ्यांचं बोललात म्हणून सांगतो. मी शीर्षकगीताचा रिफ हेटफील्डसारखा सगळा वरून खाली, एकाच दिशेने वाजवायचा प्रयत्न केला. मनगट नाही दुखत, कोपराखालचा स्नायू भरून दगड होतो. चाळीस सेकंदांत माझा हात आपोआप वर-खाली वाजवायला लागला. आणि आवाज लगेच बदलला! वर-खाली वाजवलं की रिफ वाहतो, एकाच दिशेने वाजवलं की हातोडा पडतो. तो ‘मास्टर’मध्ये हे विशीत करत होता आणि अजून करतोय. सोलोंबद्दलचं माझं मत कायम आहे, पण या हातापुढे मी वाकतो.

रिफराज

सगळ्यांचे आभार, धागा इतका रंगेल असं वाटलं नव्हतं. एक हिशोब मांडतो. आत्तापर्यंत ज्याने त्याने काढायला सांगितलेली गाणी: ‘क्राउन’, ‘चेझिंग लाइट’, ‘यू मस्ट बर्न!’, ‘शॅडोज फॉलो’, ‘स्लीपवॉक’, ‘इफ डार्कनेस’, ‘टू फार गॉन?’. सगळ्यांच्या कात्र्या एकदम चालवल्या तर पाच गाणी उरतात. ३३ मिनिटं!

आणि यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं इथल्याच कुणीतरी वाचवायचा प्रयत्न केलाय. हे मला अपेक्षित नव्हतं.

तारसप्तक

बघा! आणि ‘इनामोराटा’ला मात्र कुणी हात लावलेला नाही. सगळ्यात लांब गाणं, आणि लांबीची तक्रार करणाऱ्यांनाही तेच हवंय.

खर्ज

कारण त्यात जागा आहे. पहिली पाच मिनिटं डूम पद्धतीचा जड, ओढत चालणारा रिफ. मग सगळं शांत होतं. बेस एकटा, मागे झांजेची हलकी टिकटिक. मग हळूच एक गिटार, मग दुसरी तिच्या शेजारी. तिथून पुन्हा वर जायला ते अजिबात घाई करत नाहीत. ११ मिनिटं १० सेकंद, बँडचं आजवरचं सगळ्यात मोठं गाणं, आणि मला ते सहा मिनिटांचं वाटतं.

चिकित्सक

खर्ज, ‘स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या अल्बममधलं’ एवढं जोडा. १९९८ च्या ‘गॅरेज इंक.’मधली मर्सीफुल फेट या बँडच्या गाण्यांची मेडली ११ मिनिटं ११ सेकंद आहे. एका सेकंदाने जास्त. आणि गायक लू रीडसोबतच्या २०११ च्या ‘लुलू’मधलं ‘ज्युनियर डॅड’ धरलं तर ते १९ मिनिटांच्या वर जातं.

खर्ज

एका सेकंदासाठी! :)) मान्य, जोडलं.

निवांत | २९ एप्रिल २०२३

परवा अ‍ॅमस्टरडॅमला दौरा सुरू झाला. मैदानाच्या मधोमध गोल कड्यासारखं स्टेज, कड्याच्या आतही प्रेक्षक, आणि लार्ससाठी चार ठिकाणी चार ड्रमसेट. एका शहरात दोन रात्री, दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं नाही. म्हणजे नवी गाणी दोन रात्रींत वाटली जाणार, जुन्या गाण्यांच्या मधेमधे. मला वाटतं तिथे ती जास्त खुलतील.

कॅसेटकाका | ६ मे २०२३

रेकॉर्ड आली! दोन एलपी, चार बाजू. आणि मंडळी, उत्तर तिच्यातच आहे.

प्रत्येक बाजूला तीन गाणी. पहिली बाजू ‘७२ सीझन्स’ने सुरू होऊन ‘स्क्रीमिंग सुसाइड’ला संपते. दुसरी ‘स्लीपवॉक’ने सुरू होते आणि ‘लक्स इटर्ना’ला संपते. आता बघा, ‘यू मस्ट बर्न!’च्या सात जड मिनिटांनंतर ‘लक्स’ येतं आणि ते संपताच सुई उचलायची. खोलीत एकदम शांतता. ‘लक्स’ मला असं कधीच ऐकू आलं नव्हतं. तिसरी बाजू ‘क्राउन’, ‘चेझिंग लाइट’, ‘इफ डार्कनेस’. म्हणजे रिफराज, तुमचं जिथे लक्ष सुटतं ती बरोबर तिसरी बाजू. उठून, रेकॉर्ड बदलून, सुई ठेवून ऐकलं की ‘क्राउन’ हे सातवं गाणं राहत नाही, पहिलं होतं. चौथी बाजू ‘टू फार गॉन?’, ‘रूम ऑफ मिरर्स’ आणि ‘इनामोराटा’, साधारण २१ मिनिटांची. ती नुसती एकटी लावली तरी पोट भरतं.

रेकॉर्ड नसली तरी चालेल. मोबाइलवर तीन-तीन गाण्यांच्या चार याद्या करा, मध्ये पाच मिनिटं थांबा. पण खरंच थांबा, फोन बघू नका.

रिफराज | ९ मे २०२३

काकांचं ऐकलं. चार याद्या केल्या, ध्वनिपेटी म्हणाले तसा आवाजही उतरवला, हेडफोन बाजूला ठेवले.

‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’बद्दलचे माझे शब्द मागे घेतो. तो रिफ अडखळत चालतो, दर फेरीला एक पाऊल उशिरा टाकल्यासारखा, आणि ती अडखळण मी आजवर ऐकलीच नव्हती. इतका थकून मी त्याच्यापाशी पोचत होतो. ‘यू मस्ट बर्न!’सुद्धा परत घेतलं, खर्ज खूश व्हा.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. चार बाजूंचा अल्बम करायचा तर तो तसा आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. बहुतेकांच्या कानावर तो एकसलग ७७ मिनिटं म्हणूनच पडतो. बँडने मध्ये अर्धं मिनिट नुसती एक गिटार वाजवून ठेवली असती तरी काम झालं असतं. ती उणीव आहे आणि ती मी उणीवच म्हणेन. आणि ‘चेझिंग लाइट’ अजूनही माझ्या गळी उतरत नाही. तारसप्तक, माफ करा.

तारसप्तक

माफ नाही. मधला वेग बदलतो तिथून ऐकायला सुरुवात करा, मग उलट सुरुवातीकडे या. दोन आठवडे देते.

वाहवापेडल | ६ फेब्रुवारी २०२४

धागा वर काढतो. परवाच्या ग्रॅमीत ‘७२ सीझन्स’ या गाण्याला सर्वोत्कृष्ट मेटल परफॉर्मन्सचा पुरस्कार मिळाला. अल्बमला रॉकमध्ये नामांकन होतं, तो पुरस्कार पॅरामोर या बँडने नेला. अभिनंदन!

आणि दहा महिन्यांनी एक कबुली. परवा भांडी घासताना मी काहीतरी गुणगुणत होतो, ओळखीचं वाटत होतं. ‘शॅडोज फॉलो’चा सोलो निघाला.

तारसप्तक

मी हे जपून ठेवतेय.

रिफराज

‘चेझिंग लाइट’ उतरलं. जानेवारीत, रात्रीच्या लांब प्रवासात. तुमची मुदत ओलांडली, पण उतरलं.

अमावास्या | २४ मार्च २०२४

लेकीला गेल्या आठवड्यात अठरा पूर्ण झाली. ७२.

सकाळी उठून तिने स्वतःच शीर्षकगीत लावलं, मोठ्याने, दार उघडं ठेवून. मी स्वयंपाकघरातून ऐकत उभी राहिले. साडेसात मिनिटं दोघीही काही बोललो नाही. मग चहा घेताना मी तिला हा धागा दाखवला, तिच्या जळक्या सामानाच्या प्रश्नावर तुम्ही काय लिहिलंत तेही. तिने पूर्ण वाचला. मी विचारलं, तू कुठलं गाणं काढशील?

म्हणाली, “लक्स इटर्ना.”

मी म्हटलं, का गं? तर म्हणते, बाकीच्या गाण्यांत तो काहीतरी शोधतोय, आणि या एकाच गाण्यात त्याला ते सापडलेलं आहे.

सुतारपक्षी

लक्स इटर्ना???
ताई, तिला इथे सदस्य करून घ्या. आजच. मला तिच्याशी बोलायचं आहे.